पेरभर

लाव्याच्या टेकडीखाली प्लॉट.
काळी माती नको, मरसकोल्हे मिस्त्री म्हणाले,
काळी फुगते, मग रुसते, मग फाटते.
मुरूम आणा.
ओल्या मुरमाचा लाडू वळून
खांद्याच्या उंचीवरून सोडला:
चार तुकडे. जमलं.

मग मार्चभर फळ्यांच्या साच्यात धुम्मस,
वीतभर माती निम्मी बसेपर्यंत.
आवाज बदलला की थांबायचं.
तो बदल मला शेवटपर्यंत ऐकू आला नाही.

शेजारचे लांजेवार सायकल टेकवून:
"बाई, विटा सोडून हे कायले?
झड लागली का वाहून जाईन नाग नदीत."

झड लागली. सहा दिवस.
खाली गुडघाभर काळा दगड,
वर दोन हात पुढे काढलेली वळचण,
तरी पश्चिमेचा पाऊस आडवा येतो,
त्याला वळचण कोण सांगणार.

सातव्या सकाळी कोपऱ्यावरची
कात गेलेली, खडे वर आलेले,
आजारी माणसाच्या दाढीसारखे.
मी फोन लावला, जवळजवळ रडत.

मरसकोल्हे आले. करंगळी घातली.
"अर्धं पेर नं? म्हणून तं भिंत हातभर जाड धरली.
थोडं पावसाचं असतेच.
आता खडे उघडे पडले, ते पुढं जाऊ देत नाहीत."

अंदाजपत्रक काढून पाहिलं मी:
मुरूम, चुना, मजुरी, फळ्यांचं भाडं.
पावसाचा वाटा कुठेच नव्हता.

लांजेवार अजून रोज येतात,
त्याच जागी बोट घालून मोजतात.
पावसाने नाही,
त्या बोटानेच एक दिवस
भोक पडेल.