खयचा कार्ड बरा?

दुकानात हाच प्रश्न, दिवसातून दहादा,
जसा मासळीच्या पाटीपुढे "ताजे आसत?"
दोन्ही प्रश्नांना खरं उत्तर देणारीचा धंदा
फार दिवस चालत नाही.

तरी परवा मी मोजलं.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तीन फोन पिशवीत घातले
आणि जेटीपासून सड्यापर्यंत चालत गेले.
निळं कार्ड जेटीवर नुसतं धावतं,
बर्फाच्या कारखान्यामागे वळलं की मान टाकतं.
लाल कार्ड माडांखाली मुकं,
पण शाळेच्या तिसऱ्या पायरीवर
(दुसऱ्या नाही, चौथ्याही नाही)
असं सुटतं की सारंगांचा बारका
मधल्या सुट्टीत अख्खा सिनेमा उतरवतो.
सरकारी कार्डाचं तसं नाही.
ते सगळीकडे थोडं थोडं असतं,
पोस्टमनसारखं, उशिरा, पण दारापर्यंत.
आणि वर कातळावर, जिथे गुरांशिवाय कुणी फिरकत नाही,
तिथे तिन्ही फोन काठोकाठ भरलेले.

किमतीचं म्हणाल, तर महिना अठ्ठावीस दिवसांचा, तिघांचाही.
आमच्याकडे महिना चंद्र ठरवतो:
उधाण, भांग, परत उधाण, परत भांग.
कंपनीचा महिना त्याच्याही दीड दिवस आधी सरतो.
"चंद्रापेक्षा घाई कसली गो ह्यांका?"
जानू सारंग म्हणाला, आणि सुटे मोजू लागला.
जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या,
तेव्हा रोजचा दीड जीबी कुणी खायचा?
उरलेला डेटा बांगड्यासारखा
खारवून ठेवता येत नाही.

रंजना तारी मात्र विचारत नाही.
तिन्ही भरते. दर खेपेला, न चुकता.
मला वाटायचं, पैसा उतू चाललाय.
एकदा विचारलंच.

पाटी खाली ठेवून तिने सांगितलं.
पहाटे घनश्याम होडी लोटतो,
ती पडवीत बसून आधी निळ्यावर लावते.
निळं गेलं, म्हणजे दांडीचा खडक मागे पडला.
मग लाल. लाल सात वावांपर्यंत सोबत करतं.
आवाज चिरकायला लागला
की तिथे पाण्याचा रंग बदललेला असतो.
सरकारी शेवटी तुटतं.
मग ती फोन ठेवते आणि केर काढते.

येताना उलटं.
सरकारीवर रिंग गेली: आहे.
लाल लागलं: वाऱ्याशी भांडण मिटलं.
निळं लागलं की चुलीवर आधण.
होडी नांगरून, जाळं झाडून तो येईतो
भात मुरलेला असतो.

मी ऐकून घेतलं, आणि वर खुशीत सांगितलं,
सड्यावर नवा टॉवर येतोय,
पंचवीस वावांपर्यंत, म्हणे, पाचही कांड्या,
एकाच कार्डात भागेल तुझं.

ती बराच वेळ काउंटरवरच्या जुन्या कव्हरांकडे बघत राहिली.
"मगे तो खय आसा, ता माका कळतला कसा?"
"विचारायचं. फोन आहेच की."
"विचारून तो खरा सांगतलो?"

टॉवरच्या अर्जावर पहिली सही माझी आहे.
ते मी बोलले नाही.
तिन्हींचे नवे दर सांगितले,
एकाचे वीस रुपये वाढलेत, तेही सांगितलं.

पावणेपाचला तिच्या हातातला फोन वाजला.
निळ्यावरून.
तिने उचलला नाही.
पैसे ठेवले, पाटी डोक्यावर घेतली,
तांदूळ अजून निवडायचे होते.