शीग

शेवटचा हप्ता आला, त्याच्यासोबत पत्रही:
आमचे प्राधान्यक्रम बदलले आहेत.
पत्र सभ्य होतं. सही निळ्या शाईची.
पांढरी गाडी परत गेली. जनरेटर गेला.
भिंतीवरची पाटी उतरवली तेव्हा
खाली अकरा वर्षं ऊन न लागलेला
एक चौकोन निघाला, अजून कोरा हिरवा.

मी इथला हिशेबनीस.
होमा बेच्या बाजारामागे, पत्र्याच्या दोन खोल्यांत
आम्ही विधवांच्या जमिनीचे दावे लढवतो.

सभेत अपोंडी उठली. ती किनाऱ्यावर ओमेना विकते,
बोटाएवढी चंदेरी मासळी, डब्याने मोजून.
म्हणाली, मापावर शीग देतोच आम्ही गिऱ्हाइकाला.
दहा डब्यांमागे एक शीग तुमची.
हसू नका. एकशे चाळीस जणी आहोत.

हसलो नाही. मनात भागाकार केला फक्त,
आणि बाकी शून्याच्या खाली आली.

पहिल्या महिन्यात कोर्टाची फी निघाली.
दुसऱ्यात फी आणि वकिलाचं बसभाडं.
माझा पगार अर्धा, तोही कधी सुक्या मासळीत.
वह्यांना वास लागला.
कुणाचं तरी मांजर पावतीपुस्तकावर झोपू लागलं.

मग ओकुमू आला, सात होड्यांचा मालक.
नोटांचं पुडकं टेबलावर ठेवून म्हणाला,
वर्ष निघेल तुमचं. गावाचं काम गावानेच करावं.
खरंच होतं ते.
फक्त जाताना दारात थांबला:
त्या फिलगोनाचा दावा अजून चालूच आहे का?
फिलगोना त्याच्या भावाची विधवा.

पुडकं रात्रभर पेटीत होतं, मी पेटीशेजारी.
दूरच्या पैशाला इंग्रजी लागायचं.
जवळच्या पैशाला भाऊबंद असतात.

सकाळी परत केलं.
परत केल्याची पावती घेतली,
मांजराला उठवून.

पूर्वी तीन महिन्यांतून एकदा विचारणा व्हायची,
सदतीस रकान्यांत.
आता अपोंडी रोज संध्याकाळी दारात उभी,
हाताचे खवले कांग्याला पुसत:
माझ्या शिगेचं काय केलंत?
तिचा चष्मा नेहमी घरी राहतो. मी मोठ्याने वाचतो:
फिलगोनाची तारीख पुढे गेली. खर्च दोनशे दहा.
पुढे का गेली?

वहीत याला रकाना नव्हता.
पट्टी शोधली,
ती उभी असतानाच आखला.