चामोजाचा चंद्र

कानडी बिरुदांनीच अर्धी शिळा खाल्ली.
महालक्ष्मीचा वर लाभलेला राजा,
दान मात्र जिनाच्या बसदीला :
घाण्यामागे पळीभर तेल,
पानांच्या ओझ्यामागे पन्नास पानं.

खाली चारच बोटं जागा उरली
आणि शाप अजून कोरायचा होता.
चामोजानं अक्षरं बारीक केली. खोल केली.
मग माथ्यावर सूर्य-चंद्र.
सूर्य गोल आला.
चंद्र जरा कलला,
कुणी काही बोललं नाही.

आता पंचगंगेच्या घाटावर
याच शिळेवर साबण ठेवतात.
राजा टाचांखाली घासून गेला,
बसदी कुठं होती, कुणाला विचारू?

ओल्या बोटांनी मी चाचपतो :
शाप तेवढा अजून टोचतो,
आणि कललेल्या चंद्रात
पळीभर पाणी.