उघाडी

मुचकुंदीच्या खाजणात बाबांची उघाडी होती.
बांधातली लाकडी झडप,
ओहोटीला आतलं गोडं पाणी सोडायची,
भरती लागली की आपोआप मिटायची.
बाबा म्हणायचे, समुद्र वाईट नाही गं,
फक्त परत जायची वेळ त्याला कळली पाहिजे.

अन्सार मजगावकर पावसच्या लॅबमधून येतो.
सकाळी आठला रक्त नेतो,
रात्री अकराला कापसाची वळकटी देतो.
"तोंडात धरा, चावा दोन मिनिटं."
मी चावते. चव कशाचीच नाही.
नळीवर तो लिहितो: कुमुदिनी शिवलकर, सेहेचाळीस.
सांगतो, हे द्रव्य पहाटे चढतं, म्हणून माणूस उठतो,
रात्री उतरतं, म्हणून झोपतो.
"तुमचं अकरालाही उतरत नाही, काकी."
कॉर्टिसॉल. मी नाव घोकते,
दुसऱ्या दिवशी शेजारी सांगताना कोलेस्टेरॉल म्हणते.

म्हणजे झडप अडकली.
"तसंच काहीसं," तो म्हणतो, आणि स्कूटरला किक मारतो.

पतसंस्थेला टाळं लागून अकरा आठवडे.
सोमवारी रत्नागिरीहून साहेब येतात,
पेनाचं टोपण दातात धरतात:
"तेवीस ऑगस्टला दुपारी तिजोरीची चावी कुणाकडे होती?"
चौदाशे खात्यांचे नंबर मला पाठ,
भिकू तांडेलची पिग्मी रोजची पन्नास,
बंदरावरच्या आयशाबीने कुठल्या साली बांगड्या सोडवल्या, तेसुद्धा.
तेवढी एक दुपार नाही.
साहेब जितकं विचारतात
तितकी ती खोल जाते.
"आठवत नाही" असं टाईप होऊन समोर आलं,
खाली सही करताना मलाच वाटलं,
ही बाई लपवते आहे काहीतरी.

तीनला डोळे उघडतात, हाक मारल्यासारखे.
खाडीत कुणाचं तरी इंजिन टकटकत बाहेर पडतं.
मग उजाडेपर्यंत मीच साहेब, मीच कॅशिअर.
परवा मुडदुश्यांना मीठ लावून ठेवलं,
थोड्या वेळाने परत लावलं,
जेवताना कुणी काही बोललं नाही.

बांध फुटून शेतात खारं शिरलं
की बी लगेच मरत नाही.
मातीत असतं, पण उगवत नाही.
वर आभाळाचं पाणी पडावं लागतं,
एक पावसाळा, कधी दोन.

आज दुपारी तिसऱ्या फोडत बसले होते.
पडवीत, खांबाला टेकून, हातात विळी तशीच.
डोळा लागला.
जाग आली तेव्हा तोंडात पाढा होता.
पाऊणकीचा.
भरती काढायला बाबांनी शिकवलेला:
तिथी घ्यायची, पाऊणने गुणायची.
अष्टमीला सहा.
अमावस्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा.

सव्वाअकरा.
पिठोरी होती त्या दिवशी.
उधाण होतं, आणि फोन आला, बांध गेला म्हणून.
मी नोटांचं बंडल अर्धं मोजून सोडलं.
चेअरमनांचा भाचा खिडकीशी उभा होता,
त्याच्या हातात चावी दिली. "धर जरा, आलेच."
अंधार पडेपर्यंत गुडघाभर चिखलात
आम्ही गोणी टाकत होतो.
सकाळी चावी माझ्या टेबलावर होती,
रबरी शिक्क्याच्या शेजारी, नीट ठेवलेली.
मी विचारलं नाही.

चावी कुणाला द्यायची नसते.
दिली.
तिसऱ्यांचं पाणी पायाखाली पसरलं होतं,
मी ते पुसायचं सोडून बोटांवर तिथ्या मोजत होते,
परत परत, चूक निघेल म्हणून.
निघाली नाही.

रात्री अकराला अन्सार येईल.
मी कापूस चावेन. आकडा काय यायचा तो येवो.
नळीचं झाकण लावताना तो विचारेल,
झोप लागली का आज?
चाळीस मिनिटं, सांगेन.
पुरली.