दुसऱ्यांदा ओतताना

काबरांनी चौदा ग्लास परत पाठवले.
जळतात छान, म्हणाले, मोगराही बरोबर लागलाय,
पण वातीपाशी खड्डा आहे,
आणि गिऱ्हाईक आधी तोंड बघतं.

चौदा. ओट्यावर रांगेत मांडले.
एकाला काठाने तडे, आटलेल्या कंबर तलावासारखे.
एक, कुणी कणकेत बोट रुतवून विसरून गेल्यासारखा.
एकात तर वात अशी उभी
की आडात पडलेल्या माणसाने हात वर केलाय.

जानेवारी. गड्डा नुकता उठलाय.
विडी घरकुलात पत्र्यांवरून घसरत वारा येतो
आणि खिडकीच्या फटीतून थेट माझ्या मेणावर.
एप्रिलात असलं काही नव्हतं.
एप्रिलात त्रेचाळीस डिग्रीत
मेण रात्रभर घ्यायचं थिजायला,
जावयासारखं, सावकाश, मानपान घेत,
आणि सकाळी वरून साय धरल्यागत सपाट.
मला वाटायचं, हात बसला माझा.
हात कसला.
ऊन होतं ते सोलापूरचं.

अम्मा दारात, मांडीवर सूप, सुपात पानं.
तिने एक ग्लास उचलून उजेडाला धरला.
चाळीस वर्षं कारखान्यात तिच्या विड्या छाटात निघाल्या,
शंभरात पाच, कधी आठ, मुकादमाच्या मर्जीने.
परत आलेल्या मालाकडे कसं बघायचं
तिला ठाऊक आहे.
रागाने नाही. जवळून.

वर मिटलंय, म्हणाली, खाली रिकामंच आहे.
नुसतं वरून चोपडू नकोस.

मग मोडक्या छत्रीची तार गॅसवर तापवली
आणि वातीभोवती तीन भोकं पाडली, खोल.
एका ग्लासात तार एकदम आत गेली,
बोटभर पोकळी, फुस्स.
एवढं रिकामं घेऊन हा
नव्या पेठेतल्या काचेच्या कपाटात
दोन आठवडे मिरवत होता!

मेण पुन्हा वितळवलं, पातेल्यात पातेलं ठेवून,
पहिल्यापेक्षा थोडं जास्त तापवलं.
नाहीतर नवं जुन्याला धरत नाही,
सावत्रागत वेगळं बसतं, मध्ये रेघ दिसते.
ओतलं बारीक धारेने, आधी भोकांत,
मग वर, पातळ.
पहिल्या काठाच्या वर जायचं नाही,
हे मी तीन डझन नासवून शिकले.

शमीमआपाने सेकंडचे टॉवेल दिले होते,
कुठल्याशा हॉटेलचं नाव त्यांत उलटं विणलेलं.
ते गुंडाळले एकेका ग्लासाला,
सगळे खोक्यात, खोक्यावर चादर.
पंखा बंद. खिडकीच्या फटीत पेपर.
लोकेश, बाबा, सायकल आज बाहेरच लाव,
ओट्याला धक्का नको.
तो म्हणाला, बाळंतीण आहे का आत?
म्हटलं, चौदा.

रात्री दोनदा जाग आली. उठले नाही.
हेच जास्त अवघड निघालं.

सकाळी अकरा सपाट.
इतके, की खिडकीचे गज वाकडे न होता त्यांत दिसत होते.
दोघांवर बारीक वळ होते. पार्लरच्या अंबिकाकडून
ड्रायर आणला, लांबूनच फिरवला,
वरचा पापुद्रा पाणी झाला आणि आपोआप बसला.

चौदाव्यावर अंगठा.
कोवळं असताना कुणीतरी दाबून पाहिलेलं.
लोकेशचा नाही, एवढा मोठा नाही त्याचा.
उजेडाला धरला, अम्मासारखाच.
ठशात एकही रेघ नव्हती.
तेच ते बोट, जे आधारच्या मशीनवर
चार वेळा पुसून, थुंकी लावून,
पाचव्यांदाही उमटलं नव्हतं.

अम्मा दारात पानं कातरत होती,
माझ्याकडे न बघता.
झालं का गं सपाट, म्हणाली.

झालं, म्हटलं.
तेरा काबरांकडे पाठवले.
त्या एकावर
पुन्हा ओतलं नाही.