तरीचं भाडं

वेश्वीच्या धक्क्यावर मी तिकिटं फाडतो.
माणशी इतके, दुचाकीला इतके, चारचाकी वेगळी,
कोंबड्यांची टोपली असेल तर, बघू.

हा ‘बघू’ आमच्या घरात जुना आहे.

माझ्या पणजोबांचे वडील, इब्राहीम परकार,
सावित्रीच्या मुखाशी तर वल्हवायचे, तेव्हा
बाणकोटला एक बावीस वर्षांचा गोरा उतरला.
नाकाची कातडी सोललेली, कागद भिजलेले.
नाव थॉर्नबी. गावाच्या जिभेवर ते टिकलं नाही,
दोन दिवसांत ठोंबीसाहेब झाला.

माड मोजायचा, मिठागरं मोजायचा,
गलबत रिकामं आलं तरी वाकून आत बघायचा.
मराठी शिकवायला नारो आपाजी मुळये, महिना बारा रुपये,
धडा संपला की नदीत एक बुडी मारून मगच घरी.

मुळयांनी विभक्ती शिकवल्या, मोडीची वळणं गिरवून घेतली.
पण साहेब खरं शिकला ते त्यांच्या अंगणात, खुर्चीवर बसून,
कुणी न शिकवता.
उसने मागायला आलेला चुलता,
बांधावरून तावातावाने आलेला शेजारी,
मुलीची पत्रिका घेऊन आलेला दूरचा कुणी,
मुळये नाही म्हणत नसत.
हो म्हणत नसत.
सुपारी कातरत म्हणत, बघू.

तीन पावसाळे साहेब तरीने इकडून तिकडे.
इब्राहीम दारामागच्या फळीवर कोळशाने रेघा मारायचा,
घोडा एक, पेट्या सात, मडम, मडमेची आया.
एकदा पियानो. सहा माणसं लागली.
मधल्या पाण्यात मडमेने झाकण उघडून
एक बोट टेकवलं, एकच सूर,
आणि इब्राहीम त्या दिवशी रेघ मारायला विसरला.

बदलीचा हुकूम आला तेव्हा भाडं तीन रुपये दोन आणे.
साहेब घोड्यावरून शुद्ध मराठीत म्हणाला,
बघू.

पुढे त्याला पुष्कळ समुद्र मिळाले.
आखातातल्या कुठल्या शेखाकडे वकील,
खजुराच्या ताटाशी मांडी घालून, मागे गनबोट.
शेख विचारायचा, माझं बंदर मला परत कधी?
मग अठरा कलमांचा तह झाला,
त्यात कुठेच ‘नाही’ लिहिलेलं नव्हतं.
मग उसाच्या एका बेटाचा गव्हर्नर,
टोपीत पिसं, नावापुढे सर,
मजुरांच्या अर्जांचे गठ्ठे आणि प्रत्येकावर
कोपऱ्यात बारीक, सुबक शेरा.
इंग्रजीत होता. पण त्यात सुपारी कातरल्याचा आवाज होता.

त्याच बेटाला दाऊदची बोट लागली.
इब्राहीमचा थोरला, इंजिनाखाली कोळसा ओढणारा खलाशी.
वर तोफा सुटत होत्या, सतरा, त्याने मोजल्या,
मोजायची सवय घरचीच.
गर्दीतून ओरडला,
‘ठोंबीसायब, बाणकोटच्या तरीचं भाडं ऱ्हायलंय!’

शिपाई धावले. साहेबाने हात वर केला.
दाऊद म्हणायचा, डोळे भरून आले त्याचे.
आमची फुफी म्हणायची, कसले भरतायत, ऊन होतं.
नाकाची कातडी मात्र अजून सोललेली, यावर दोघांचं एकमत.
साहेबाने विचारलं, ‘सुकतीला तर अजून रुतते का रे?’
‘रुतते.’
‘मुळये?’
‘गेले.’
बराच वेळ तो धक्क्याखालच्या पाण्याकडे बघत राहिला,
बँडवाले एकाच ओळीवर घुटमळले.
मग खिशाकडे गेलेला हात अर्ध्यात थांबला,
आणि तो काय म्हणाला असेल
हे तुम्हाला कळलंच असेल.

आता तो कुठल्याशा थंड गावात आहे, दगडाखाली.
म्हणे दगडावर पदव्या मावलेल्या नाहीत.
मी पाहिलेला नाही.

फळी आमच्याकडे आहे. टाकीवर झाकण म्हणून.
रेघा दमटपणाने बऱ्याचशा गेल्या.
शेवटच्या फेरीला कुणी धावत येतं, ओरडतं, थांबवा,
मी पाणी किती उतरलंय ते बघतो
आणि तोंडातून तोच शब्द निघतो.

बाकी तीन रुपये दोन आण्यांचं
आम्हाला आता काही वाटत नाही.
त्यात पियानो धरलेला नव्हता,
एवढं मात्र फुफीला शेवटपर्यंत सलत होतं.