बारावी खुर्ची

चोडणच्या बांधावर, खाडीच्या तोंडाशी, एक दार आहे,
लाकडी, डांबर फासलेलं. त्याला आम्ही मानस म्हणतो.
शाळेत मराठीच्या मास्तरांनी सांगितलं, मानस म्हणजे मन.
मी उठून म्हणालो, नाही मास्तर, त्यात कोळंबी सापडते.
वर्ग हसला. मास्तरही.

मानस राखायचा रुझार.
भरतीआधी फळ्या बसवायच्या, ओहोटीला उचलायच्या,
खारं बाहेर ठेवायचं, शेतातलं जादा पाणी सोडून द्यायचं.
काम एवढंच,
पण दिवसातून दोनदा, आणि रोज पाऊण तासाने पुढे सरकणारं,
मग घरात लग्न असो, ताप असो, पहाटेचे तीन वाजलेले असोत.
मिस्सेला तो मागच्या दारापाशी उभा राहायचा,
प्रवचन लांबलं की चपला हातात घेऊन सटकायचा.
बायका म्हणायच्या, ह्याचा देव घड्याळात राहतो.

त्या वर्षी मानशीचा लिलाव घेतलेल्या माणसाने
मला दोन हजार दिले.
एकच फळी काढ, खालची. मासळी आत येऊ दे.
पुनवेचं उधाण आहे, कोणाला कळतंय?
आत गुणो वळवईकरचं वायंगण उभं होतं,
कापायला आठ दिवस.
मी फळी काढली, खारफुटीत लपवली,
घरी जाऊन नखं कापली, सदरा घातला आणि इगर्जीत गेलो,
कारण पवित्र गुरुवार होता
आणि पाय धुण्यासाठी निवडलेल्या बारा जणांत मी होतो.

वेदीसमोर बारा खुर्च्या.
अकरा भरल्या. बारावी रुझारची.
पाद्री थोडा वेळ थांबले, मग गुडघ्यांवर बसले.
त्यांनी माझी टाच हातात घेतली. पाणी कोमट होतं.
टॉवेलला नव्या कपड्याचा वास.
प्रवचनात ते म्हणाले, त्या रात्री प्रभूने बाराही जणांचे पाय धुतले.
बाराही, असं दोनदा म्हणाले.
त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, तरी माझे कान तापले.

मी उठलो. आई बघत राहिली.
चपला बाकाखालीच राहिल्या.

चांदण्यात बांध हाडासारखा पांढरा दिसत होता.
रुझार कमरेइतक्या पाण्यात, पाठ फटीला लावून,
हातांनी पेंढा आणि चिखल कोंबत होता.
खाली मुरडशेंगेसारखं पाणी पिळवटून आत घुसत होतं.
त्याचा इस्त्रीचा सदरा खांबाला टांगलेला,
कॉलरचं बटण लावलेलं.

चिखल दे, म्हणाला.
मी देत राहिलो.
बऱ्याच वेळाने, मागे न बघता,
फळी कुठे आहे?
मी म्हणालो, खारफुटीत.
आण, म्हणाला.

एवढंच. एका शब्दाचं माझं पापनिवेदन,
तेही त्यानेच उच्चारलं.

मध्यरात्री फळी बसली.
बांधावर बसून त्याने माझ्या पायांकडे पाहिलं,
गुडघ्यापर्यंत काळे.
धुतलेले ना रे हे आज? फुकट गेलं पाद्रींचं पाणी.
आणि खोकत खोकत हसला.

गुणोच्या शेतात कडेच्या चार ओळी जळल्या.
त्याला मी स्वतः सांगितलं. तो दोन वर्षं बोलला नाही,
तिसऱ्या वर्षी चवथीला नेवऱ्या पाठवल्या.
दोन हजार परत केले,
म्हणजे सतराशे, तीनशे खर्च झाले होते,
ते पुढच्या महिन्यात.

आता मानस मी राखतो. नऊ वर्षं झाली.
रुझारचे गुडघे गेलेत, व्हरांड्यात बसून तो
भरतीच्या वेळेला फोन करतो, लावल्यास?
लावल्या म्हटलं की काही न बोलता ठेवून देतो.

दर वर्षी माझं नाव बारा जणांत घालतात.
पण तो गुरुवार पुनवेच्या आसपासच येतो,
आणि पुनवेला उधाण.
नव्या पाद्रींना सांगून ठेवलंय,
खुर्ची मांडा, माझी वाट बघू नका.

इगर्जीतलं गाणं इथवर वाऱ्याने अर्धंमुर्धं येतं.
मी पाण्यात उतरतो,
अंधारात फळ्यांवरून तळवा फिरवत जातो,
कुठे गार लागतंय का बघत.